औषधांविना नैराश्यावर उपचार : पद्धती, पुरावे आणि मर्यादा

नैराश्य हा उपचारांनी बरा होऊ शकणारा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३३ कोटी लोक या आजाराने ग्रस्त आहेत. भारतात बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच निम्हान्सने, २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. देशातील दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होतो, असे त्यातून आढळून आले. याच सर्वेक्षणाचा दुसरा निष्कर्ष अधिक चिंताजनक होता. नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत कोणताही उपचार पोहोचत नव्हता.

या पार्श्वभूमीवर, औषधे न घेता नैराश्य बरे होते काय, हा प्रश्न अनेक रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक विचारतात. गोळ्यांची सवय लागेल, लोक काय म्हणतील, गरोदरपणात औषध कसे घ्यावे, अशा शंका त्यामागे असतात. या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर असे आहे की, सौम्य व मध्यम स्वरूपाच्या नैराश्यात, आणि काही वेळा तीव्र नैराश्यातही, औषधांविना परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. मात्र औषध न घेणे आणि उपचार न घेणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. औषधांविना होणारा उपचारही ठरावीक पद्धतीने, ठरावीक कालावधीत आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली द्यावा लागतो. या पद्धतींचे स्वरूप, त्यांच्यामागील पुरावे आणि त्यांच्या मर्यादा यांचा हा आढावा.

आजाराचे स्वरूप आणि निदान

दुःख, अपयश किंवा वियोग यांमुळे मन खिन्न होणे स्वाभाविक आहे. ही खिन्नता दिवसाचा बहुतांश काळ, जवळजवळ दररोज आणि किमान दोन आठवडे टिकून राहिली, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील रस नाहीसा झाला आणि त्यामुळे दैनंदिन कामकाज बिघडू लागले, तर डॉक्टर नैराश्याच्या आजाराची शक्यता विचारात घेतात. झोप व भूक यांत बदल, सततचा थकवा, एकाग्रता न होणे, अपराधीपणाची भावना आणि मृत्यूचे विचार ही त्याची अन्य लक्षणे होत. आपल्याकडे अनेक रुग्ण मनाची तक्रार सांगतच नाहीत. अंगदुखी, डोके जड होणे, छातीत धडधड किंवा झोप न लागणे, अशा तक्रारी घेऊन ते दवाखान्यात जातात आणि मूळ आजार लक्षात येत नाही.

निदानाला साहाय्य व्हावे म्हणून पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांतील लक्षणांबाबत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात आणि एकूण गुणांवरून आजाराच्या तीव्रतेचा अंदाज येतो. अंतिम निदान मात्र डॉक्टरांनीच करावयाचे असते. थायरॉईड ग्रंथीचे विकार, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मद्यपान तसेच काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही नैराश्यासारखी लक्षणे दिसतात. त्यामुळे कोणताही मार्ग स्वीकारण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.

औषधांचे स्थान

औषधांविना उपचारांचा विचार करताना औषधे निरुपयोगी आहेत असे मानणे चुकीचे ठरेल. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासण्यात आली आणि अभ्यासलेली सर्व २१ नैराश्यविरोधी औषधे प्रौढांमध्ये औषधी गुण नसलेल्या बनावट गोळीपेक्षा अधिक परिणामकारक आढळली. हा परिणाम सरासरीने मर्यादित असतो आणि तो प्रत्येक रुग्णात सारखा नसतो, हेही तितकेच खरे आहे.

याच कारणाने उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत गेल्या काही वर्षांत बदल झाला आहे. ब्रिटनमधील 'नाइस' ही संस्था तेथील आरोग्यसेवेसाठी उपचारांचे निकष ठरवते. नैराश्य कमी तीव्रतेचे असल्यास, रुग्णाची तशी इच्छा असल्याशिवाय, औषधे हा पहिला उपचार म्हणून सरसकट देऊ नयेत, असे या संस्थेने २०२२ मध्ये सुचवले. समुपदेशन, गटोपचार, व्यायाम आणि मार्गदर्शित स्वयंसाहाय्य यांना तिने आरंभीच्या पर्यायांत स्थान दिले.

जे रुग्ण आधीपासून औषधे घेत आहेत त्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. औषध एकाएकी थांबवल्यास चक्कर, निद्रानाश, चिडचिड, अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. औषध बंद करावयाचे असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

विचारांवर काम करणारी पद्धती

औषधांविना उपचारांत सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धती म्हणजे बोधात्मक वर्तन उपचारपद्धती. सीबीटी या संक्षिप्त नावाने ती अधिक परिचित आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. २०२१ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. नैराश्यग्रस्त व्यक्तीच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी नकारात्मक विचार आपोआप उमटत राहतात आणि ती व्यक्ती त्यांना वस्तुस्थिती मानते, असे बेक यांचे निरीक्षण होते. या पद्धतीत रुग्ण उपचारकाच्या साहाय्याने हे विचार ओळखण्यास, त्यांच्या बाजूचे व विरोधातील पुरावे तपासण्यास आणि त्यांना पर्याय शोधण्यास शिकतो. दोन बैठकांच्या दरम्यान लेखी सराव करावयाचा असतो.

याच प्रवाहातील दुसरी पद्धती अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडली. 'विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती' या नावाने ती मराठी वाचकांना ठाऊक आहे, आणि कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे महाराष्ट्रात तिचा परिचय झाला.

अशा उपचारांचे फळ किती टिकते, हा महत्त्वाचा मुद्दा आहे. अमेरिकेतील दोन विद्यापीठांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या २४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा आठवड्यांनंतर बेक यांची पद्धती आणि औषध यांचा गुण जवळपास सारखाच आढळला. त्यानंतर, बरे वाटू लागलेल्या रुग्णांवर आणखी वर्षभर लक्ष ठेवण्यात आले. ज्यांचे औषध थांबवले होते, त्यांच्यापैकी सुमारे ७६ टक्के रुग्णांचा आजार उलटला. मानसोपचार पूर्ण करून थांबलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. उपचारकाकडून शिकलेले कौशल्य उपचार संपल्यावरही रुग्णाजवळ राहते, असा याचा अर्थ तज्ज्ञ लावतात.

आंतरवैयक्तिक उपचारपद्धती ही आणखी एक मान्यताप्राप्त पद्धती आहे. जेराल्ड क्लेरमन आणि मिर्ना वाइसमन यांनी ती १९७० च्या दशकात विकसित केली. जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, घरातील कलह, विवाह, स्थलांतर किंवा निवृत्तीसारखे बदल आणि एकाकीपणा या चार प्रकारच्या प्रश्नांवर तिचा भर असतो.

आधी कृती, मग मनःस्थिती

मन प्रसन्न झाले की कामाला लागू, असे आपण सहसा म्हणतो. बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन ही पद्धती हा क्रम उलटा करते. नैराश्यामुळे माणूस एकेक काम सोडतो, लोकांना टाळतो, घरात बसून राहतो. त्यामुळे समाधान देणारे अनुभव कमी होतात आणि नैराश्य अधिकच वाढते. हे दुष्टचक्र तोडण्यासाठी मनाची वाट न पाहता लहान, निश्चित आणि अर्थपूर्ण कृतींपासून आरंभ करावयाचा, हे या पद्धतीचे सूत्र आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात या विचाराची मांडणी केली. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, विचारांवरील काम वगळून केवळ कृतींवर भर दिला तरी गुण तितकाच येतो.

उदाहरणादाखल एखाद्या गृहिणीची कल्पना करावी. सहा महिन्यांपासून तिची झोप उडाली आहे. तिने भजनी मंडळात जाणे सोडले आहे, बहिणीचा दूरध्वनी ती उचलत नाही, दुपारभर अंथरुणावर पडून राहते. समुपदेशक तिला आनंदी राहण्यास सांगत नाही. आठवडाभर दिवसाच्या कोणत्या वेळी आपण काय केले आणि तेव्हा मनाला कसे वाटले, याची नोंद तो तिला ठेवावयास सांगतो. लिहिता येत नसल्यास चित्रांच्या खुणांचा उपयोग करता येतो. पडून राहिल्यावर मन अधिक जड होते आणि शेजारणीशी चार शब्द बोलल्यावर किंचित हलके वाटते, हे त्या नोंदीतून तिचे तिलाच उमगते. मग पुढील आठवड्यासाठी एकच काम ठरते : मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता बहिणीशी बोलणे. ते जमले नाही तर तिला दोष दिला जात नाही. अडचण कोठे आली, हे दोघे मिळून पाहतात आणि काम आणखी लहान करतात.

ही पद्धती साधी असल्यामुळे ती शिकवण्यास सोपी आहे. ब्रिटनमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कमी अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांनी दिलेली ही पद्धती अनुभवी मानसोपचारकांनी दिलेल्या सीबीटीपेक्षा कमी ठरली नाही. ज्या देशांत मानसोपचारतज्ज्ञांची संख्या अपुरी आहे, त्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे.

गोव्यातील प्रयोग

भारतात या पद्धतीची कसून परीक्षा गोव्यात झाली. 'संगथ' ही स्वयंसेवी संस्था १९९६ पासून तेथे कार्यरत आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संस्थेच्या माध्यमातून 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' हा उपक्रम तयार केला. २०१३ ते २०१५ या काळात गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या आणि बऱ्याच तीव्र स्वरूपाचे नैराश्य आढळलेल्या ४९५ प्रौढांना या चाचणीत सहभागी करून घेण्यात आले.

समुपदेशक म्हणून स्थानिक व्यक्ती निवडण्यात आल्या. किमान दहावी उत्तीर्ण असणे एवढीच शैक्षणिक अट होती आणि मानसोपचाराचे पूर्वशिक्षण अपेक्षित नव्हते. वर्गातील प्रशिक्षणानंतर त्यांना अनेक महिने प्रत्यक्ष सराव देण्यात आला. त्यांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण होत असे आणि समुपदेशक दर आठवड्याला एकत्र बसून परस्परांच्या कामाचे मूल्यमापन करीत. प्रत्येक रुग्णासाठी सहा ते आठ बैठका ठरवण्यात आल्या होत्या. त्या आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी होत. दुसऱ्या गटातील रुग्णांची निदानाची माहिती त्यांच्या डॉक्टरांना कळवण्यात आली आणि त्यांना उपचारांबाबतच्या मार्गदर्शक सूचना देण्यात आल्या.

तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरलेली आढळली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. समुपदेशन मिळालेल्यांची कामावरील गैरहजेरी कमी झाली, आत्महत्येचे विचार घटले आणि स्त्रियांना जोडीदाराकडून होणाऱ्या शारीरिक हिंसेचे प्रमाणही कमी आढळले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'च्या अंकात हे निष्कर्ष छापले गेले. वर्षभरानंतर केलेल्या पाहणीतही हा लाभ बऱ्याच अंशी टिकून असल्याचे दिसले.

या चाचणीतून निघणारा बोध असा की, नैराश्यावरील परिणामकारक उपचार केवळ महानगरांतील तज्ज्ञांच्या दवाखान्यापुरता मर्यादित राहण्याचे कारण नाही. दहावीपर्यंत शिकलेली, त्याच गावची भाषा बोलणारी, परंतु नीट प्रशिक्षण मिळालेली आणि जिच्या कामावर नियमित देखरेख आहे अशी व्यक्ती तो देऊ शकते. यात प्रशिक्षण आणि देखरेख हे दोन शब्द निर्णायक आहेत.

विदर्भ आणि अन्य देशांतील अनुभव

विदर्भातील अमरावती जिल्ह्याच्या ३० गावांत 'विश्राम' हा सामूहिक मानसिक आरोग्य कार्यक्रम राबवण्यात आला. कृषिसंकटामुळे या भागातील आत्महत्यांचा प्रश्न देशभर चर्चिला गेला होता. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लोकांशी संवाद साधला, मानसिक प्रथमोपचार दिले आणि गरज असलेल्यांना समुपदेशक व तज्ज्ञांपर्यंत पोहोचवले. कार्यक्रमापूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी केवळ ४.३ टक्के लोक उपचारासाठी आरोग्यसेवेकडे जात होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर पोहोचले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात गोव्याच्या पद्धतीवर आधारित प्रशिक्षण आशा कार्यकर्त्यांना मोबाईल फोनच्या माध्यमातून देण्याचा प्रयोगही झाला.

अन्य विकसनशील देशांतील अनुभवही याच दिशेने निर्देश करतो. युगांडातील ३० खेड्यांत स्थानिक व्यक्तींनी चालवलेल्या गटोपचारानंतर केवळ ६.५ टक्के सहभागींत नैराश्य शिल्लक राहिले, तर उपचार न मिळालेल्या खेड्यांत हे प्रमाण ५४.७ टक्के होते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात गरोदर व बाळंत स्त्रियांना आरोग्यसेविकांनी घरी जाऊन सीबीटीवर आधारित समुपदेशन दिले. सहा महिन्यांनंतर त्यांच्यातील २३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ५३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. हा अभ्यास २००८ चा आहे. झिम्बाब्वेत मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून प्रशिक्षित आज्या लोकांच्या अडचणी ऐकतात आणि त्यातून मार्ग काढण्यास साहाय्य करतात. २०१६ मध्ये झालेल्या चाचणीच्या निष्कर्षांनी त्याची परिणामकारकता दाखवून दिली.

व्यायाम, योग आणि आहार

शारीरिक व्यायाम हा नैराश्यावरील उपचार म्हणून आता गांभीर्याने घेतला जातो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पन्नाशी ओलांडलेल्या १५६ रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीन वेळा व्यायाम करणाऱ्यांना औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत गुण येण्यास थोडा विलंब लागला, परंतु सोळा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०२४ मध्ये २१८ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात चालणे किंवा धावणे, योगासने आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम हे विशेष उपयुक्त आढळले. यांतील अनेक चाचण्यांचा दर्जा फारसा उच्च नसल्याने हे निष्कर्ष सावधपणे स्वीकारावेत, असेही संशोधकांनी नमूद केले.

निम्हान्समध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या ४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लयबद्ध श्वसनक्रियेचा गुण एका जुन्या नैराश्यविरोधी औषधाच्या जवळपास आढळला. तथापि या तुलनेत विद्युत उपचार सर्वांत परिणामकारक ठरला होता. हा अभ्यास लहान होता, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

ध्यानाच्या बाबतीतही असाच विवेक आवश्यक आहे. सजगतेवर आधारित बोधात्मक उपचारपद्धती ही मुख्यतः आजार पुन्हा उद्भवू नये यासाठी आहे. ब्रिटनमध्ये वारंवार नैराश्य येणाऱ्या ४२४ रुग्णांच्या २०१५ मधील चाचणीत, ही पद्धती शिकून औषध कमी किंवा बंद करणाऱ्यांपैकी ४४ टक्के आणि औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्के रुग्णांचा आजार दोन वर्षांत उलटला. म्हणजेच दोन्ही मार्ग जवळपास समान ठरले.

ऑस्ट्रेलियातील ६७ रुग्णांच्या एका लहान चाचणीत आहारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाने भाज्या, फळे, डाळी आणि मासे यांचे प्रमाण वाढवल्यावर अनेकांना लाभ झाला. २०१७ मधील या चाचणीत बहुतेक रुग्ण अन्य उपचारही घेत होते. त्यामुळे आहार हा पूरक उपाय समजावा. झोपण्याच्या व उठण्याच्या निश्चित वेळा, सकाळचा सूर्यप्रकाश आणि मद्यापासून दूर राहणे यांचाही उपयोग होतो.

विद्युत आणि चुंबकीय उपचार

औषधांविना उपचारांत रुग्णालयातील काही प्रक्रियांचाही समावेश होतो. विद्युत उपचारांचा आरंभ १९३८ मध्ये रोम येथे झाला. चित्रपटांतील भीषण दृश्यांमुळे लोकांच्या मनात त्यांविषयी भीती बसली आहे. प्रत्यक्षात ते आता भूल देऊन आणि स्नायू शिथिल करून दिले जातात. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांविना विद्युत उपचार देण्यास मनाई आहे. अन्नपाणी सोडलेल्या, भ्रमग्रस्त किंवा आत्महत्येच्या तीव्र विचारांनी ग्रासलेल्या रुग्णांसाठी हा उपचार जीवनरक्षक ठरू शकतो. काही काळ स्मरणशक्तीवर होणारा परिणाम हा त्याचा प्रमुख दोष होय. चुंबकीय स्पंदनांनी मेंदूच्या विशिष्ट भागाला चेतना देण्याच्या उपचारास अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांसाठी तो वापरला जातो आणि त्यास भूल लागत नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

गोळ्या टाळण्याच्या इच्छेने अनेक जण वनौषधींकडे वळतात. सेंट जॉन्स वर्ट या युरोपातील वनस्पतीचा सौम्य नैराश्यात काही उपयोग होतो असे अभ्यासांत दिसले आहे. परंतु गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि एचआयव्हीवरील काही औषधे यांचा प्रभाव तिच्यामुळे कमी होतो. नैराश्यविरोधी औषधांसोबत ती घेतल्यास गंभीर त्रास होऊ शकतो. हमखास गुण देण्याच्या जाहिराती, मंत्रतंत्र आणि गंडेदोरे यांत बहुमोल वेळ वाया जातो, आणि या आजारात वेळेला फार मोल आहे.

औषधे टाळणे केव्हा धोक्याचे

पुढील परिस्थितीत केवळ औषधांविना उपचारांवर विसंबून राहू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते : आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न, खाणेपिणे बंद होणे, भास किंवा भ्रम होणे, पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेविना अनेक दिवस काढण्याचा काळ येऊन गेलेला असणे, बाळंतपणानंतर मातेच्या वागण्यात एकाएकी तीव्र बदल होणे, तसेच ठरलेल्या बैठका पूर्ण करूनही सुधारणा न होणे. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला तातडीने घ्यावा. तीव्र किंवा दीर्घकालीन नैराश्यात औषध आणि मानसोपचार एकत्र दिल्यास केवळ एकाच उपचारापेक्षा अधिक गुण येतो. उपचाराचा मार्ग बदलणे हा रुग्णाचा पराभव मानू नये.

कुटुंबीयांनी काय करावे

रुग्णाला मन घट्ट करण्याचा किंवा इतरांची दुःखे पाहण्याचा सल्ला दिल्याने त्याची अपराधीपणाची भावना वाढते. त्याऐवजी शांतपणे ऐकून घेणे, सोबत फिरावयास जाणे, उपचाराच्या बैठकांना नेणे आणि त्याने केलेल्या लहानशा कामाचीही दखल घेणे उपयुक्त ठरते. जीव नकोसा झाला आहे काय, असे आपुलकीने थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात येतो, ही समजूत निराधार आहे. असे विचारल्याने अनेकांना मोकळे होण्याची वाट मिळते. धोका जाणवल्यास रुग्णाला एकटे सोडू नये आणि कीटकनाशके तसेच औषधांचा साठा घरात त्याच्या हाती लागणार नाही याची काळजी घ्यावी.

मदत कोठे मिळेल

केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास, मराठीसह विविध भारतीय भाषांत, समुपदेशकांशी बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार सेवा दिली जाते, तसेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही मानसोपचार विभाग असतात.

२०१७ च्या कायद्याने शासकीय व्यवस्थेमार्फत मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच स्थान देणेही विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी या कायद्याने शासनावर सोपवली आहे. त्यामुळे कायद्याच्या भीतीने मदत मागण्याचे टाळू नये.

औषध घ्यावे की न घ्यावे, याचा निर्णय आजाराची तीव्रता, पूर्वीचा अनुभव, उपलब्ध सेवा आणि रुग्णाची इच्छा पाहून डॉक्टर व रुग्ण यांनी मिळून घ्यावयाचा असतो. दोन्ही मार्गांना शास्त्राचा आधार आहे. आधार नाही तो केवळ तिसऱ्या मार्गाला, म्हणजे काहीही न करता आजार आपोआप जाईल या आशेवर दिवस काढण्याला. देशातील बहुसंख्य रुग्ण आजही याच तिसऱ्या मार्गावर आहेत. गोवा आणि अमरावती येथील अनुभव पाहता, त्यांच्यापर्यंत उपचार पोहोचवणे अशक्य नाही.